पाहणी आणि तपासणी

नववीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं, "बाई, इन्स्पेक्ट म्हणजे तपासणे अन् एक्झामिन म्हणजे बी तपासणेच. मंग दोन शब्द काऊन केले?"

चामोर्शी तालुक्यातल्या त्या हायस्कुलात मी नवीनच लागले होते. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून उडाला नव्हता. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावची. वडील राईस मिलमध्ये कामाला, आई धानाच्या रोवणीला जायची. आमच्या बौद्ध वस्तीतून बी.ए., बी.एड. झालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे इंग्रजी आपल्याला येतं असा माझा समज होता. त्या दिवशी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती. अधिकाऱ्याने शाळा इन्स्पेक्ट केली. डॉक्टरने मुलाला एक्झामिन केलं. दोन्हींखाली मराठीत मी 'तपासणे' असंच लिहिलं होतं, कारण माझ्याजवळच्या शब्दकोशात तेच होतं.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं ते असं, की शाळा, पूल, दुकान यांना इन्स्पेक्ट लावायचं आणि रोग्याला, विद्यार्थ्याला एक्झामिन. कोणापुढे कोणता शब्द येतो ते पाठ करा. ती उभीच राहिली.

"एक्झाम म्हणजे परीक्षा न बाई? तं डॉक्टर पेशंटची परीक्षा घेते का?"

वर्ग हसला. मीही हसले. ती "बरं जी" म्हणून खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे दिसत होतं.

तिचं नाव इथे लिहीत नाही. घोटच्या पुढे जंगलात तिचं गाव होतं. गोंड कुटुंबातली, शाळेला लागून असलेल्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. उंच, काटकुळी, डोळ्यांचा पांढरा भाग कायम पिवळसर. वर्गात ती नेहमी खिडकीशी बसायची, जिथे ऊन येतं तिथे. महिन्यातले काही दिवस गैरहजर. विचारलं की म्हणायची, "हाडं दुखून राह्यली होती." वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणायच्या, "अंग चोरते जी पोट्टी. झाडू हातात आला का हिची हाडं दुखतात." मुलीही तिला आळशी म्हणायच्या. ती कोणाशी भांडायची नाही. दुखणं असलं की गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि ओठ घट्ट मिटायची.

त्याच सुमारास शाळेची वार्षिक तपासणी आली. आधीचा आठवडा सगळी शाळा चुना आणि गेरू यांत बुडालेली होती. व्हरांड्याच्या कडा लाल, झाडांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे. साहेब लोक चामोर्शीच्या इन्स्पेक्शन बंगल्यावर उतरले होते, जीपने आले. माझ्या वर्गात एक साहेब मागच्या भिंतीला उभे राहिले, तक्ते पाहिले, एका मुलाला एका क्रियापदाचा भूतकाळ विचारला. व्हरांड्यात गेल्यावर पाण्याच्या माठावर झाकण का नाही म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांना खडसावलं. जेवण झालं, जीप गेली. मुख्याध्यापक खुर्चीत बसून म्हणाले, "झालं बापा एकदाचं."

पाठोपाठ आरोग्य तपासणी. शाळेपुढच्या कडुनिंबाखाली मुलांची रांग लावली. डॉक्टर खुर्चीवर बसले होते, मुलं त्यांच्यासमोरून जात होती. जीभ दाखव, डोळे दाखव, नखं दाखव, पुढे हो. त्यांना त्या दिवशी आणखी शाळा करायच्या होत्या. तिची पाळी आली तेव्हा त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"जेवत नाहीस का नीट?"

"जेवतो जी."

"हाडं दुखतात तिची," मी बाजूने म्हटलं.

"वाढीचं वय आहे," ते म्हणाले आणि सगळ्यांना दिल्या त्याच लाल गोळ्या तिलाही दिल्या.

दिवाळीच्या सुटीत मी मूलला गेले. मला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलगा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. आई, काका, काकू आणि तो असे आले. मी पोहे आणि चहा घेऊन गेले, बसले. त्याच्या काकूने मला उभं राहायला सांगितलं, मग दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. हात उलटसुलट करून पाहिले. "केस खरेच हायेत न?" असं आईला विचारलं. काका म्हणाले, "इंग्रजी शिकवते म्हणते तं बोलून दाखव न काही." मी काहीतरी बोलले, आता आठवत नाही. तो मुलगा मात्र खाली मान घालून बसला होता. जाताना अंगणात तो एकटा थांबला आणि हळूच म्हणाला, "राग नका मानू. आमच्याकडे असंच पाहतात."

"सगळीकडेच असंच पाहतात," मी म्हटलं. तो हसला. ते हसणं मला आवडलं. आठ-पंधरा दिवसांत निरोप आला, मुलगी पसंत. उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेच्या आसपास लग्न करायचं ठरलं. वडिलांनी राईस मिलमधल्या सगळ्यांना पेढे वाटले.

थंडी पडली. त्या भागातली डिसेंबरची थंडी जंगलातून येते आणि सकाळी अंगात शिरते. एका सकाळी प्रार्थनेला मुली उभ्या होत्या. ती मध्येच खाली बसली आणि आडवी झाली. जवळ गेले तर तिचं अंग तापलेलं, हात-पाय आखडलेले, आणि तोंडातून आवाज निघत होता, रडण्याचा नाही, दाबलेला, जनावरासारखा. तिच्या पोटरीला माझा हात नुसता लागला तर ती ओरडली. अधीक्षिकाबाईही घाबरल्या. त्यांनीच आपली शाल तिच्यावर टाकली.

गावात एकाची जीप होती. तिच्यात घालून मी तिला गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिच्या गावाकडे निरोप धाडला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. बारीक, चष्मा लावलेले, नागपूरकडचे असावेत. त्यांनी आधी सुई दिली, सलाईन लावलं आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसले. मी सांगू लागले, "हिचं असं झालं की—" तर ते म्हणाले, "थांबा बाई. तिलाच बोलू द्या." तिला बोलवत नव्हतं. ते थांबले. मग एकेक विचारत गेले. पहिल्यांदा कधी दुखलं, कुठे दुखतं, थंडीत जास्त का, पावसात भिजल्यावर का, पाणी किती पितेस, लघवीचा रंग कसा असतो. आपले तळवे चोळून त्यांनी गरम केले आणि मग तिच्या पोटाला लावले. डाव्या बरगडीखाली दाबत दाबत त्यांची बोटं एका जागी थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे." पुन्हा डोळे पाहिले, पण पापणी ओढून सोडून दिली नाही. तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. जंगलातून घोटपर्यंत पायी, मग बसने. लहानखुरी बाई, अंगावर लुगडं आणि गळ्यात मण्यांच्या माळा. खाटेच्या पायथ्याशी तिने सगळ्यांना जोहार केला. तिला मराठी जेमतेम कळायचं, बोलता यायचं नाही. डॉक्टरांनी तिलाही स्टूल दिला आणि विचारलं, किती मुलं? त्यातली किती आहेत? जी गेली ती कशाने गेली?

मधे बोलायला ती मुलगीच होती. सलाईन लावलेल्या हाताने पडल्या पडल्या ती आईचं गोंडी ऐकायची आणि मराठीत सांगायची.

"ते म्हणते, माहा मोठा भाऊ लहानपणीच गेला. हाताची बोटं सुजली होती त्याची, पायाची बी. मंग ताप आला अन् गेला." आई पुन्हा बोलली. मुलीने तिला एकदा उलटून विचारलं, मग म्हणाली, "एक बहीण होती म्हणते. मले ठाऊक नव्हतं. ते बी असीच गेली."

आपल्याला एक बहीण होती हे तिला त्या खाटेवर, स्वतःच ते मराठीत सांगताना कळलं. तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्या पायावरची चादर उगीच नीट केली.

डॉक्टरांनी रक्त घेतलं. तिथल्या तिथे काचेवर पाहिलं आणि पक्कं करण्यासाठी नागपूरला पाठवलं. मग आम्हा तिघींना त्यांनी समजावून सांगितलं. रक्तात गोल पेशी असतात. हिच्या काही पेशी धान कापायच्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. मग तिथे दुखतं. आजाराचं नाव सिकलसेल. हा कोणाच्या नजरेने होत नाही, कोणाच्या पापाने होत नाही, आईकडून आणि बापाकडून रक्तात येतो. बरा होत नाही. पण जपलं तर माणूस जगतो. पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंग झाकायचं, ताप आला की लगेच यायचं, या पिवळ्या गोळ्या रोज घ्यायच्या.

मुलीने विचारलं, "म्हणजे मी खोटी बोलत नव्हती न जी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तुला खरंच दुखत होतं. फार दुखत होतं."

तिने भिंतीकडे तोंड केलं. इतक्या दुखण्यातही न रडलेली ती मुलगी तेव्हा रडली. आईला कळेना काय झालं ते. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मला तिची भाषा येत नव्हती.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. "तुम्ही कुठल्या, बाई?"

"मूलची."

"घरात कोणाला असं दुखणं? कोणी लहानपणी गेलं?"

मला वडिलांचा धाकटा भाऊ आठवला. त्याला मी पाहिलेलं नाही. 'वातानं गेला' एवढंच घरात बोललं जायचं. ते मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हा आजार फक्त जंगलातल्या लोकांत आहे असं लोक समजतात. तुमच्या-माझ्या समाजातही आहे. आपली लग्नं आपसातच होतात न? एकदा रक्त देऊन ठेवा." म्हणून मी हात पुढे केला. माझ्या मनात काही नव्हतं. मी धडधाकट होते.

ती वसतिगृहात परतली. अधीक्षिकाबाईंनी तिला गरम पाण्याची सोय करून दिली आणि झाडू तिच्या हातून कायमचा काढून घेतला. एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मले का माहीत गं बाई." आणि वर्गात मी ते दोन शब्द पुन्हा काढले. कोणी विचारलं नव्हतं. मीच काढले, कारण मी आधी सांगितलेलं उत्तर मला आता पटत नव्हतं.

मी म्हटलं, इन्स्पेक्ट करणाऱ्याला काय असायला पाहिजे ते आधीच ठाऊक असतं. माठावर झाकण पाहिजे, भिंतीवर तक्ता पाहिजे. ते आहे की नाही एवढं तो पाहतो आणि पुढे जातो. त्याला मराठीत पाहणी म्हणता येईल. एक्झामिन करणाऱ्याला काय सापडेल ते ठाऊक नसतं. म्हणून तो विचारतो, हात लावून पाहतो, थांबतो, पुन्हा विचारतो. ती तपासणी. परीक्षासुद्धा त्यातलीच. तुमच्या डोक्यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रश्न विचारावे लागतात.

खिडकीजवळून तिचा आवाज आला. "मंग बाई, इन्स्पेक्ट वाईट हाय का?"

"नाही गं. वैनगंगेवरचा पूल कोणी पाहिलाच नाही तर चालेल का? पाहणी पाहिजेच. फक्त जिथे तपासायला पाहिजे तिथे नुसती पाहणी करून भागत नाही."

या वेळी ती "बरं जी" म्हणाली तेव्हा मान हलवून म्हणाली.

काही आठवड्यांनी माझा अहवाल नागपूरहून आला. मी आजारी नव्हते, पण रक्तात ते होतं. अर्धं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही वाहक आहात, म्हणजे फक्त घेऊन चालला आहात. नवऱ्याचंही तसंच निघालं तर मात्र मुलांना पूर्ण आजार होऊ शकतो. प्रत्येकाला होईल असं नाही, पण होऊ शकतो. लग्न ठरलंय का?"

"ठरलंय," मी म्हटलं.

"मग त्यांचं रक्त तपासा."

शनिवारी मूलला जाऊन मी आई-वडिलांना सांगितलं. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "कोनाले सांगू नको. तू चांगली आहेस न? मंग काऊन सांगायचं? सोयरीक मोडल." धानाच्या कोंड्याने वडिलांचे केस कायम भुरकट असायचे. त्या दिवशी ते मला फार म्हातारे दिसले. ते म्हणाले, "माह्या भावाले आम्ही खाटेवर बांधून ठेवत होतो, इतला तो तडफडे. त्याले झालं ते कोनाच्या लेकराले होऊ नये. तू सांग. पन तूच सांग. माह्यानं नाई होनार."

चंद्रपूरच्या बस स्टँडवरच्या कँटीनमध्ये मी त्याला भेटले. तो गडचांदूरहून आला होता, मी मूलहून. कपड्यांना सिमेंटची बारीक धूळ होती आणि तो ती सारखी झटकत होता. मी वसतिगृहातल्या मुलीपासून सुरुवात केली. तिची हाडं, तिचे पिवळे डोळे, तिचा भाऊ, तिची बहीण. मग माझा अहवाल. चहावर साय धरली.

मग तो म्हणाला, "मला एक बहीण होती. माझ्याहून लहान. थंडी आली की तिचे हातपाय दुखायचे. मी तिला पाठीवर घेऊन अंगणात फिरायचो, तेवढं तिला बरं वाटायचं. डोळे तिचे असेच होते, तुम्ही सांगता तसे." त्याने पुन्हा धूळ झटकली. "आम्ही म्हणायचो, कावीळ आहे. झाडपाला दिला. दहा वर्षांचीही झाली नाही."

"तुम्ही तपासून घ्याल?"

"घेतो," तो म्हणाला. "घरी आवडणार नाही. पण घेतो."

घरी नाहीच आवडलं. त्याच्या काकूने मूलला निरोप धाडला, तो शब्द न् शब्द आमच्यापर्यंत आला: "आम्ही पोरगी पाह्यली, पसंत केली. आता पोरगी आमच्या पोट्ट्याले तपासते का?" आईला हे फार लागलं. मला राग आला नाही. त्या बाईच्या दृष्टीने पाहणं ही मोठ्यांची रीत होती, त्यात कोणाला काही द्यावं लागत नाही. तपासणीत मात्र हात पुढे करून आपलं रक्त द्यावं लागतं, आणि जे निघेल ते कबूल करावं लागतं. ते त्यांना कमीपणाचं वाटलं. त्याने घरच्यांशी वाद घातला नाही. कारखान्यातून सुटी काढून गडचिरोलीला गेला आणि रक्त देऊन आला.

एका रविवारी दुपारी तो शाळेच्या गावी आला. मी तिथे एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहत होते. तिने ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी आणून दिलं आणि घरात निघून गेली.

"माझंही तसंच निघालं," तो म्हणाला.

समोर कोणाच्या तरी अंगणात धान वाळत घातलं होतं. कोंबड्या हाकलायला कोणी नव्हतं. आम्ही दोघं ते पाहत बसलो.

"मूल होऊ न देताही राहतात लोक," तो म्हणाला. "मी तो विचार केला. पण आपल्याला राहू देतील का? आईला मी ओळखतो. आणि मला स्वतःलाही ओळखतो. मला मुलं आवडतात. कधी तरी आपण म्हणू, एखादं होऊ देऊ, सगळ्यांनाच थोडंच होतं. आणि ते झालं तर? मी बहिणीला पाहिलंय. माझ्याच्यानं पुन्हा नाही पाहवणार."

"माझ्याच्यानंही नाही," मी म्हटलं. पण मला तो माणूस हवा होता. तेव्हा ते बोलण्याची पद्धत नव्हती आणि बोलून उपयोगही नव्हता.

निघताना त्याने विचारलं, "ती मुलगी इथेच असते का?" मी त्याला वसतिगृहाकडे नेलं. ती पायरीवर उन्हात बसून गणवेशाला बटन लावत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"दुखतं का गं?"

"आता नाई जी," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "दुखलं तं सांगतो मी आता. पहिले नव्हती सांगत."

त्याने मान हलवली. उठला आणि पाठ फिरवून बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभा राहिला. चामोर्शीची बस आली तेव्हा त्याने मला नमस्कार केला, जयभीम म्हटलं आणि चढला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढे त्याने वर्ध्याकडची मुलगी केली, आधी दोघांनीही रक्त तपासून, एवढं कानावर आलं. मला ऐकून बरं वाटलं आणि वाईटही.

मूलमध्ये मात्र पोरीतच खोट निघाली असं पसरलं. एक दिवस विहारात वंदना झाल्यावर कोणी तरी वडिलांना ते ऐकवलं. वडील सभेत बोलणारे नव्हते. पण त्या दिवशी उठून उभे राहिले. "खोट नाई," ते म्हणाले. "माह्या घरात होतं, त्याहीच्या घरात होतं, तुमच्या बी असंल. माह्या पोरीनं तपासलं म्हणून मले कळलं का माहा भाऊ कायनं मेला." आणि खाली बसले. नंतरच्या महिन्यांत आमच्या वस्तीतली काही घरं गडचिरोलीला जाऊन आली. सगळी नाही. काही.

माझं लग्न उशिरा झालं, ब्रह्मपुरीच्या एका शिक्षकाशी. तो पाहायला आला नाही. आधी आपला अहवाल घेऊन आला.

ती मुलगी दहावीच्या परीक्षेत गणिताच्या दिवशी आजारी पडली. ऑक्टोबरला पुन्हा बसली आणि पास झाली. गावी परत जाऊन बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. चामोर्शीच्या बाजाराला आली की मला भेटायची, कधी मोहफुलं, कधी चारोळी आणायची. बालवाडीतल्या कोणत्या पोराची बोटं सुजतात, कोणाचे डोळे पिवळे आहेत, ते मला सांगायची. त्यांच्या आयांना ती गडचिरोलीला जायला सांगे. बहुतेक जात नसत. दूर होतं, आणि एक अख्खा दिवस मजुरी बुडायची. ती चिडायची नाही. "पुन्हा सांगीन," म्हणायची.

एका पावसाळ्यात ती बाजाराला आली नाही. घोटच्या पुढचे नाले भरले होते, त्या बाजूच्या गावांना रस्ताच उरला नव्हता. पाणी ओसरल्यावर कोणी तरी सांगितलं की तिला ताप आला होता, चार जणांनी खाट उचलून नाल्यापर्यंत आणली होती, पण पलीकडे नेता आलं नाही. तिथेच नाल्याच्या काठी ती गेली.

मी तिच्या गावी गेले. घोटपर्यंत बस, पुढे वाट दाखवायला गावातला एक माणूस मिळाला. सागाची पानं त्या दिवसांत फार मोठी असतात, वाटेवर त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं. तिची आई दारात बसली होती. मला ओळखून उठली, जोहार केला, आणि माझे दोन्ही हात धरून किती तरी वेळ बोलत राहिली. मला त्यातलं काही समजलं नाही. मी मराठीत बोलले, तेही तिला समजलं नसावं. तिने चुलीत भाजलेलं मक्याचं कणीस दिलं, मी खाल्लं. वाट दाखवणारा माणूस थोडं थोडं सांगत होता, पण मी त्याला म्हटलं, राहू दे.

निघाले तेव्हा शेजारच्या घरातून एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन आली. बाळाची बोटं सुजून ताठ झाली होती. त्या माणसाने विचारून मला सांगितलं, "बालवाडीच्या पोरीनं हिले सांगून ठेवलं होतं म्हणते, पाणी उतरलं का गडचिरोलीले जाजो. हिले एकटीले जाचं भेव वाटते."

"चल म्हणावं," मी म्हटलं.

ती घरात जाऊन बाळाचं एक फडकं आणि कांदा-भाकर बांधून घेऊन आली. घोटला येईपर्यंत तिची चाल माझ्याहून भरभर होती. बसमध्ये ती पहिल्यांदाच बसत होती बहुतेक, खिडकीची सळई घट्ट धरून. बाळ रडून रडून झोपलं. दवाखान्यात पोहोचलो तर ते जुने डॉक्टर बदली होऊन गेले होते. तिथल्या एका आयाला गोंडी येत होतं. नवीन डॉक्टरांना आम्ही पहिल्यापासून सगळं सांगितलं.